परसांतील मोठी बाग : सुख आणि ओझें

परसबाग नको असें म्हणणारा शेतकरी विरळा. परंतु ती किती मोठी असावी, हा प्रश्न फारच थोडे विचारतात. आणि खरें सांगावयाचें तर आम्हींही तो बागेस हात घालण्यापूर्वीं विचारला नाहीं. ज्याच्या नांवावर दहा-पंधरा एकर जमीन आहे, त्यास घरामागील वीस-पंचवीस गुंठे म्हणजे कांहींच वाटत नाहींत. पण शेतांतील गुंठा आणि परसांतील गुंठा यांचें क्षेत्र एक असलें तरी ओझें एक नव्हे, हें आम्हांस बरेंच नुकसान सोसल्यावर कळलें. तें कसें कळलें, हें आपल्या शेतकरी बंधूंपुढें मांडण्यासाठींच हा लेख.

आमचें गांव कऱ्हेच्या खोऱ्यांत, पुरंदर तालुक्यांत आहे. महसूल खात्यांतील कारकुनी मुदतीपूर्वींच सोडून सन २०१५ सालीं आम्ही गांवीं येऊन राहिलों. घरामागें वडिलार्जित बावीस गुंठे जागा व एक जुनी विहीर होती. सव्वीस वर्षें दुसऱ्यांच्या जमिनींच्या नोंदी लिहिण्यांत गेलीं. आतां स्वतःच्या जमिनींत स्वतःच्या हातानें कांहीं लावावें, ही हौस मोठी होती. पहिल्या दोन वर्षांत जागा दिसेल तेथें आम्हीं लागवड केली. अंजिराचीं बारा झाडें, लिंबू, पेरू, डाळिंब, शेवगा, पपया, न्हाणीच्या पाण्यावर केळी व अळू, आणि उरलेल्या आठ-नऊ गुंठ्यांत सर्व तऱ्हेचा भाजीपाला, असा तो पसारा होता.

बागेचें सुख

या बागेनें आम्हांस सुख दिलें नाहीं असें म्हणणें कृतघ्नपणाचें होईल. ज्याच्या शेतांत दहा एकर ऊंस उभा आहे, तोच शेतकरी आठवड्याच्या बाजारांतून कोथिंबिरीची जुडी विकत आणतो, हें दृश्य आज गांवोगांव दिसतें. आमच्या घरीं चाकवत, अंबाडी, राजगिरा, शेवग्याचा पाला, घेवडा, दोडका यांची वाण कधीं पडली नाहीं. दुधी, वाल व दोडका यांचें बीं आम्ही घरचेंच धरूं लागलों, व तें शेजाऱ्यांसही दिलें.

अंजिराची गोष्ट तर निराळीच. पुरंदरच्या अंजिरास सन २०१६ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. पण या फळाचा खरा स्वाद बाजारांत क्वचितच मिळतो. अंजीर तोडल्यावर आंब्यासारखें आढींत पिकत नाहीं. तोडतांना जेवढी गोडी असेल तेवढीच. दूर पाठवावयाचें फळ थोडें आधींच काढावें लागतें. झाडावर पुरतें पिकून देंठाशीं वांकलेलें अंजीर पहांटे पांखरांच्या आधीं तोडून खावें, हें भाग्य परस असलेल्यासच लाभतें.

बागेस सुटी नसते

गहूं पेरून आठ दिवस परगांवीं गेलें तर गहूं तक्रार करीत नाहीं. भेंडी मात्र एक दिवसाआड तोडलीच पाहिजे. तीन-चार दिवस राहिली कीं ती जून होते, व जून शेंगा झाडावर ठेवल्या तर पुढील फळ धरणें मंदावतें. काकडी, गवार, घेवडा यांचाही स्वभाव असाच. लग्नकार्य असो, दुखणें असो, भाजी वाट पाहत नाहीं.

रोग-किडींचेंही तसेंच. लिंबाच्या व कढीपत्त्याच्या कोंवळ्या पानांवर पांखराच्या विष्ठेसारखी दिसणारी बारीक अळी असते, ती फुलपाखराची. लहान रोपावर ती राहिली तर थोड्याच दिवसांत सारा पाला फस्त करते. थोड्या झाडांवर ती हातानें वेंचणें हाच उत्तम उपाय. पण वेंचणारा हात रोज पाहिजे. अंजिरावर तांबेरा पडून पानें गळतात. त्यावर एक टक्का बोर्डो मिश्रणाचा उपयोग होतो. १ किलो मोरचूद व १ किलो चुना निरनिराळ्या भांड्यांत कालवून एकूण १०० लिटर पाण्याचें मिश्रण करावें. भांडें लोखंडाचें नसावें. तयार मिश्रणांत लोखंडी सुरी बुडवावी. तिच्यावर तांबूस थर आल्यास आणखी चुन्याची निवळी घालावी. हें मिश्रण ज्या दिवशीं केलें त्याच दिवशीं संपवावें.

पाण्याचा हिशेब

हा हिशेब आम्हीं आधीं करावयास पाहिजे होता. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा, म्हणजे सुमारें १०१ चौरस मीटर. आपल्या भागांत कडक उन्हाळ्यांत भरल्या भाजीपाल्यास रोज पांच ते सहा मिलिमीटर पाणी लागतें. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. यावरून एका गुंठ्यास रोज पांचशें ते सहाशें लिटर पाणी हवें. बावीसही गुंठे हिरवे ठेवावयाचे म्हटले तर रोज अकरा ते तेरा हजार लिटर, म्हणजे रोज एक टँकर! फळझाडांस यापेक्षां कांहीं कमी लागेल, पण अंदाज समजण्यास एवढें पुरे.

सन २०१८ च्या पावसानें दगा दिला. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजीं राज्य सरकारनें १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. आमच्याही तालुक्याचें नांव त्या यादींत होतें. फाल्गुनांत विहिरीनें तळ दाखविला. अंजिराचा मीठा बहार म्हणजे गोड फळांचा बहार. तो ऐन याच दिवसांत पाणी मागतो. आम्हीं तीन टँकर विकत घेतले, व ते पैसे वहींत इमानानें लिहिले.

वहींतील राहिलेलें सदर

ही वही आम्ही कचेरीच्या संवयीनें ठेवीत होतों. बीं-रोपें, खत-औषध, वीज व मजुरी अशीं खर्चाचीं चार सदरें. आणि जमेस बाजारभावानें भाजी व फळें. पहिल्या वर्षांत वही नफा दाखवीत होती, व तो आम्ही आल्यागेल्यास अभिमानानें वाचून दाखवीत असूं. त्या चैत्रांत एके संध्याकाळीं, तीन टँकर धरूनही तोटा कसा नाहीं, हें आम्ही घरांत समजावून सांगत होतों. सौभाग्यवती शेंगा निवडीत होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या, "अहो, रोजानें येणाऱ्या बाईला मजुरींत मांडतां, मला कोठें मांडलें आहे?"

आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. दुसऱ्या दिवसापासून एक महिनाभर आम्हीं घड्याळ पाहून टांचण ठेवलें. तोडणी, निवडणें, हंड्यानें रोपांस पाणी घालणें, वाटे करून घरोघर पोंचविणें, उरलेल्याचीं लोणचीं व वाळवणें, मिळून रोज साडेतीन तासांहून अधिक काम त्या करीत होत्या. बाईच्या रोजानें तें मांडतांच सारा नफा गेला, व मागील वर्षांसही तोटाच निघाला. सरकारी तक्त्यांत पैचीही चूक राहूं न देणाऱ्या कारकुनाच्या स्वतःच्या वहींत एक अख्खें सदरच राहून गेलें होतें. त्याहून लाजेची गोष्ट ही कीं, वृद्ध मातोश्रींकडून बोलावणीं येत असतांही त्या तीन उन्हाळे माहेरीं राहावयास गेल्या नव्हत्या. "भाजी कोण तोडील?" म्हणून तें राहून जात होतें, आणि आम्हांस वाटे कीं, त्यांचेंच मन बागेंत रमतें.

बागेची नवी वांटणी

त्या उन्हाळ्यांत आम्हीं पपया, केळी व बारांपैकीं सहा अंजिरें काढून टाकलीं. स्वतः लावलेल्या झाडावर स्वतः कुऱ्हाड चालविणें सोपें नाहीं. पण बाराही सुकविण्यापेक्षां सहा जगविलेलीं बरीं.

आतां बागेचे तीन भाग आहेत. स्वयंपाकघराच्या दाराशीं तीन गुंठे भाजीपाला, ठिबक सिंचनावर. त्यापलीकडे पांच गुंठ्यांत अंजीर, लिंबू, पेरू व डाळिंब. त्यांच्या बुंध्याभोंवतीं पाचोळ्याचें आच्छादन असतें. उरलेल्या चौदा गुंठ्यांत सीताफळ, आवळा व बोर, आणि भोंवतीं करवंदीचें कुंपण. सीताफळ उन्हाळ्यांत पानें टाकून स्वस्थ बसतें व पावसाबरोबर पुन्हां फुटतें. हीं झाडें एकदां मूळ धरल्यावर वैशाखांत आमच्याकडे पाणी मागत नाहींत.

बागेंतील काडीकचरा आम्ही बाहेर जाऊं देत नाहीं. सर आल्बर्ट हॉवर्ड यांनीं इंदूर येथें काडीकचरा व शेण यांपासून खत करण्याची जी पद्धत बसविली, ती त्यांनीं सन १९३१ मध्यें पुस्तकरूपानें प्रसिद्ध केली. पुढें यवतमाळ जिल्ह्यांतील पुसद येथील नारायण देवताव पांढरीपांडे यांनीं काढलेली नाडेप टांकी तर आपल्याकडे सर्वांच्या परिचयाची आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद व तीन फूट उंच असें भोंकें ठेवलेलें विटांचें बांधकाम, आणि त्यांत काडीकचरा, शेणकाला व माती यांचे थर. तीन-चार महिन्यांत खत तयार होतें. अशा एका टांकीनें आमचें विकतचें खत बहुतेक बंद झालें, व जमींनींतील ओलही अधिक टिकूं लागली.

आमच्या अनुभवाचें सार इतकेंच. बागेचें माप जागेवरून ठरवूं नये. वैशाखांतील विहिरीच्या पाण्यावरून आणि घरांतील हातांवरून ठरवावें. जें रोज हात मागतें तें दाराशीं व थोडें लावावें. जें वर्षांतून एकदांच बोलावतें तें दूर व हवें तितकें लावावें. आणि हिशेब ठेवावयाचा तर घरच्या माणसांच्या श्रमांचें सदर पहिल्या पानावर आंखावें.

वहींत तें सदर आतां आहे, आणि रोजची तोडणी व पाणी यांपुढें आमचें नांव आहे. पुढील उन्हाळ्यापूर्वींच, माघांत, सौभाग्यवती पंधरा दिवस माहेरीं राहून आल्या. त्या पंधरवड्यांत आमच्या विसरण्यानें भेंडीचे दोन तोडे जून झाले. तें नुकसान आम्हीं वहींत लिहिलें आहे. पण तें खर्चीं टाकावें असें आमच्या मनास वाटलें नाहीं. ज्या वाचकांच्या परसांत मोठी बाग आहे, त्यांनीं आपला हिशेब याच रीतीनें एक महिना मांडून पाहावा, व काय निघालें तें या मासिकाकडे अवश्य लिहून कळवावें.