हुकूम कुठे अडला?



आपल्या वऱ्हाडात गाडीची खरी परीक्षा डांबरी सडकेवर होत नाही, ती पांदणीवर होते. अकोल्यापासून दर्यापूरपर्यंत पूर्णेच्या खोऱ्यात पसरलेल्या काळ्या जमिनीचा स्वभाव आपणांस ठाऊकच आहे. उन्हाळ्यात तिला खोल भेगा पडतात, आणि पावसाचे पाणी मुरताच ती फुगून चाकाला अशी चिकटते की चाकाऐवजी चिखलाचा गोळाच फिरत राहतो. उत्तरेस परतवाड्याहून सेमाडोह, हरिसाल, धारणीकडे निघावे, तर वाटेत घाट. अशा ठिकाणी मागची दोन चाके पुरी पडत नाहीत. पुढच्या दोघांनाही कामाला लावावे लागते. यालाच आपण ‘फोर व्हील लावणे’ म्हणतो. मेळघाटातल्या एखाद्या गावाहून भर पावसात आजाऱ्याला धारणीच्या रुग्णालयात आणायचे असते, तेव्हा ते लागले नाही तर काय प्रसंग ओढवतो, हे सांगायला नको.

महिंद्रांनी मुंबईस विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या जीपमध्ये हे काम हाताच्या दांड्याने होई. दांडा ओढला आणि दात दातांत बसले, की ते तळहातालाच कळे. २०२२ साली आलेल्या स्कॉर्पिओ-एनसारख्या गाड्यांच्या फोर व्हील प्रकारात दांडा गेला व विजेची कळ आली. सोय वाढली खरी, पण तळहाताला मिळणारी ती साक्ष गेली. म्हणून बिघाड शोधण्याची रीतही बदलली पाहिजे.

कळ फिरवणे म्हणजे हुकूम सोडणे होय. पूर्वी जिल्हाधिकाऱ्यांचा हुकूम जसा तहसीलदार, तलाठी, कोतवाल असा उतरत गावी पोहोचे, तसाच हाही हातोहात जातो. कळीकडून तो नियंत्रक पेटीकडे जातो. ही पेटी गाडीचा वेग, गिअर व क्लच पाहते आणि सारे ठीक असेल तरच पुढे वीज सोडते. ती वीज ट्रान्सफर केसवर बसवलेली लहान मोटर फिरवते. मोटर आतला काटा सरकवते. काटा पुढच्या शाफ्टला जोडतो. कित्येक गाड्यांत पुढच्या आसापाशी आणखी एक सांधा असतो, तोही जुळावा लागतो. ‘फोर व्हील लागत नाही’ या तक्रारीचा अर्थ इतकाच, की यांपैकी कोणत्या तरी एका टेबलावर हुकूम अडला आहे. कोणत्या, ते आधी शोधावे; भाग बदलण्याची गोष्ट मागाहून.

पहिली शंका चालकानेच फेडावी. हळू व जोरकस चालीसाठी, म्हणजे ‘फोर एल’साठी, बहुतेक गाड्या थांबवून न्यूट्रलमध्ये आणाव्या लागतात, हाताच्या गिअरची असेल तर क्लचही दाबावा लागतो. हे न करता कळ फिरवली तर पेटी हुकूम नाकारते आणि दिवा नुसता लुकलुकत राहतो. हा बिघाड नव्हे. मात्र क्लचखालचा लहानसा स्विच निकामी झाला असेल, तर क्लच दाबूनही पेटीला तो दाबलेला कळत नाही, हेही ध्यानी ठेवावे.

दुसरी परीक्षा कानांची. गाडी उभी, इंजिन बंद, चावी चालू, असे ठेवून एकाने कळ फिरवावी व दुसऱ्याने बाजूला बसून खालचा आवाज ऐकावा. ‘घर्र’ असा आवाज आला तर हुकूम मोटरीपर्यंत पोहोचला. शांतता असेल तर तो वरच अडला आहे, किंवा मोटर गेली आहे. मग आधी बॅटरी, फ्यूज, रिले आणि अर्थिंगची तार पाहावी. त्यानंतर मोटरीचा प्लग उघडावा. चिखलपाण्याने त्याच्या पितळी पट्ट्यांवर हिरवा गंज चढलेला पुष्कळदा आढळतो. कळ फिरवतानाच तिथे मीटर लावावा, कारण वीज क्षणभरच येते. बारा व्होल्टच्या आसपास दाब येऊनही मोटर हलत नसेल, तर दोष बहुधा मोटरीचा. दाबच येत नसेल, तर दोष आधी मोटरीच्या अलीकडे शोधावा. ही एक परीक्षा न केल्यामुळे चांगली मोटर फेकून महागडी नवी घेतली जाते, आणि दोष जागच्या जागी राहतो.

आवाज येतो पण काम होत नाही, तर काटा जाम झाला असावा, किंवा मोटर कुठवर फिरली हे पेटीला सांगणारा सेन्सर खोटे बोलत असावा. दिवा स्थिर लागतो, पण भुसभुशीत मातीत माती फक्त मागच्याच चाकांखालून उडते, असे दिसले तर पुढच्या आसाचा सांधा पाहावा. काही गाड्यांत तो इंजिनाच्या हवेच्या ओढीने चालतो. त्याची रबरी नळी तडकली किंवा उंदराने कुरतडली, तरी एवढे पुरते. तपासताना एकच चाक जॅकवर उचलून गाडी गिअरमध्ये मात्र कधीही घालू नये. दुसरी चाके ओढ घेतात आणि गाडी जॅकवरून उडी मारते.

शेवटी सर्वांत मोठे कारण सांगतो, ते म्हणजे न वापरणे. आठ महिने ज्याला कोणी हात लावला नाही, तो काटा नवव्या महिन्यात आज्ञा पाळील, ही अपेक्षाच चूक. महिन्यातून एकदा कच्च्या, मऊ रस्त्यावर थोडे अंतर फोर व्हील लावून चालवावी. कोरड्या डांबरावर नको. तेथे पुढचा व मागचा शाफ्ट एकमेकांना पिळतात, आणि मग लागलेले फोर व्हील सुटतही नाही. असे अडकलेच, तर चार-दोन हात मागे घेतल्यास बहुधा सुटते.

बैल पोळ्याला सजवतो, तरी नांगराला जुंपण्याआधी त्याचे खूर पाहतो, ही आपली कुणब्याची रीत. गाडीचेही मृग लागण्यापूर्वीच पाहावे. चिखलात फसल्यावर केलेली तपासणी ही तपासणी नव्हे, तो पश्चात्ताप होय.