आहारविकृती, परिपूर्णतेचा आग्रह आणि 'बरे होणे' या संज्ञेची व्याप्ती

रोगी बरा झाला असे केव्हा म्हणावे, हा प्रश्न ज्वराच्या बाबतीत फारसा बिकट नसतो. आहारविकृतींच्या बाबतीत मात्र त्याच्या उत्तरावर संशोधनाचे निष्कर्षच अवलंबून राहतात. परिपूर्णतेचा आग्रह आणि रोगमुक्ती यांच्या संबंधाविषयी जी परस्परविरोधी अनुमाने निघाली, त्यांचे मूळ बव्हंशी येथेच असावे, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम संज्ञेचा अर्थ निश्चित करू. उच्च ध्येय बाळगणे म्हणजे परिपूर्णतेचा रोगट आग्रह नव्हे. फ्रॉस्ट व त्यांचे सहकारी यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या मापनश्रेणीत स्वतःपुढे ठेवलेली मानके आणि चुकांविषयीची धास्ती हे घटक वेगवेगळे मोजले जातात. एखादी विद्यार्थिनी प्रबंधाचे प्रकरण पाच वेळा सुधारून लिहिते व समाधान पावते. दुसरी एक अशुद्ध शब्द आढळताच स्वतःस सर्वस्वी अपात्र ठरविते. दोघींचे ध्येय एकच. आत्ममूल्याचा आधार मात्र भिन्न. शाफ्रान, कूपर व फेअरबर्न यांनी २००२ मध्ये याच भेदावर भर दिला. कठोर मानके गाठण्यावरच स्वतःचे मूल्य तोलणे आणि त्यापायी हानी होत असूनही तो प्रयत्न न सोडणे, हे त्यांच्या मते या आग्रहाचे मर्म होय. आहारविकृतीत ही मानके अन्न, वजन व शरीराकृती यांना लागू होतात.

हा आग्रह मूळचा स्वभावधर्म, की उपासमारीचा परिणाम? मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये अॅन्सेल कीझ यांनी ३६ निरोगी तरुणांवर अर्ध-उपासमारीचा प्रयोग केला. त्यात अन्नाचा अखंड ध्यास व जेवणाविषयीच्या विचित्र सवयी दिसून आल्या. तेव्हा ऐन आजारात केलेल्या मापनावरून स्वभावाचे अनुमान करणे धोक्याचे होय. बऱ्या झालेल्यांचा अभ्यास म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

श्रीनिवासगम, के व इतरांनी १९९५ मध्ये ॲनोरेक्सियातून दीर्घकाळ बऱ्या झालेल्या २० स्त्रियांची १६ निरोगी स्त्रियांशी तुलना केली. वजन पूर्ववत होऊन वर्षाहून अधिक काळ लोटला असूनही त्यांच्यातील परिपूर्णतेचा आग्रह अधिकच आढळला. यावरून तो स्थायी स्वभावविशेष असावा, असे मानण्याकडे कल झाला. २०१० मध्ये बार्डोन-कोन व सहकाऱ्यांनी निराळी कसोटी लावली. वजन सावरणे आणि विकृत आहारवर्तन थांबणे यांजबरोबर अन्न व शरीर यांविषयीची मनोवृत्तीही सामान्य पातळीवर आली असेल, तरच त्यांनी 'पूर्ण बरे होणे' मान्य केले. असा गट निरोगी स्त्रियांसारखाच आढळला. ज्यांचे शरीर व वर्तन सावरले, परंतु मनोवृत्ती सावरली नव्हती, त्या मात्र आजारी स्त्रियांशी मिळत्याजुळत्या होत्या.

या निष्कर्षास मर्यादा आहेत. गट लहान होते व मापन एकाच वेळी झाले होते. आग्रह ओसरल्यामुळे त्या बऱ्या झाल्या, बऱ्या झाल्यामुळे आग्रह ओसरला, की ज्यांच्यात तो मुळातच कमी होता त्याच पूर्ण बऱ्या झाल्या, हे एवढ्यावरून ठरत नाही. त्यासाठी त्याच व्यक्तींचा दीर्घकाल मागोवा घ्यावा लागेल.

तथापि व्यवहारदृष्ट्या एक गोष्ट स्पष्ट होते. वजनाचा काटा समाधानकारक दिसताच उपचार थांबविणारा चिकित्सक अर्ध्या वाटेवरील व्यक्तीस घरी धाडीत असेल. उलटपक्षी, उरलेला आग्रह हा 'तिचा स्वभावच' असे म्हणून सोडून देणाराही तीच चूक करतो. शिवाय, ज्या मनास प्रत्येक गोष्ट परीक्षा वाटते, ते बरे होण्यासही परीक्षाच मानण्याचा संभव असतो. मग एका दिवसाची चूक संपूर्ण अपयश भासते. म्हणून चूक झाली तरी आपले मूल्य अबाधित आहे, हा अनुभव येणे हे उपचारानंतरचे फळ न समजता उपचाराचेच एक अंग समजले पाहिजे.