पदवीची पार्टी ‘ॲलिस’च्या थाटात, पण पाऊस, परवानगी आणि थर्माकोलचं काय?

मुंबई विद्यापीठाच्या पदवीचे निकाल बहुधा पावसाळ्यातच लागतात. त्यामुळे उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापुरात उघड्यावर चहापार्टी करायची तर आधी जागा ठरवावी, सजावट नंतर.

बदलापूरजवळचं कोंडेश्वर फोटोत परीकथेतल्यासारखं दिसतं. पण तिथल्या कुंडात बुडून तरुणांचे जीव गेले आहेत आणि पावसाळ्यात मनाई आदेशही निघतात. अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर संरक्षित स्मारक आहे; परवानगीशिवाय तिथे पार्टी करता येत नाही. उरते ती सोसायटीची पत्र्याची शेड असलेली गच्ची. सेक्रेटरींना आधीच विचारून ठेवा.

थीमसाठी लुईस कॅरोलच्या १८६५ मधल्या ‘ॲलिस’ची वेडी चहापार्टी सर्वांत सोपी. तिथे वेळ कायम सहावर अडकलेली असते, म्हणजे घरातलं बंद पडलेलं घड्याळही कामी येतं. कपबश्या एका सेटच्या नसल्या तर उलट शोभतात; शेजारून मागून आणा. भलीमोठी मश्रूम मात्र थर्माकोलची नकोत. राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. पुठ्ठा आणि उल्हासनगरच्या बाजारातले कटपीस पुरतात.

२५ पाहुण्यांना १०० मिलीचा कप धरला तर दोन फेऱ्यांना ५ लिटर चहा लागतो. सोबत सिंधी दाल पकवान हवंच. नुसत्या कपकेकवर इथल्या पाहुण्यांचं भागत नाही. मुलगी घरातली पहिली पदवीधर असेल, तर मानाची खुर्ची तिच्या शेजारी आजीला द्या. दिव्यांच्या माळा बॅटरीवरच्याच घ्या. ओल्या गच्चीवर एक्स्टेन्शन बोर्ड नको.