नोंदवहीची नाडीपरीक्षा

नोंदवहीची पाने शाबूत असणे ही एक गोष्ट आणि तिच्यातील मजकूर खरा असणे ही दुसरी. या दोहोंत गल्लत झाली असता काय होते, हे जबलपूरच्या एका जुन्या दप्तरावरून चांगले कळते.

ठगांच्या बंदोबस्तासाठी विल्यम स्लीमन यांची १८३५ साली जनरल सुपरिंटेंडेंट म्हणून नेमणूक झाली. त्यांची कचेरी जबलपुरास होती व तिचे मुख्य बळ तिच्या दप्तरात होते. माफीच्या साक्षीदारांकडून माणसांची नावे, गावे, नातीगोती आणि कोणत्या फेरीत कोण सामील होते, हे सारे लिहून घेण्यात येई. १८३६ साली कलकत्त्यास छापलेल्या ‘रामसियाना’ या ग्रंथात स्लीमन यांनी ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश दिला व त्याबरोबर त्यांच्या वंशावळीही दिल्या. एका ठिकाणी राखलेला, परस्परांशी सांधलेल्या नोंदींचा असा संग्रह म्हणजे आजच्या भाषेत स्थानिक डेटाबेसच होय.

आज असे संग्रह प्रत्येकाच्या खिशात असतात. मोबाईलमधील नावांची यादी व संदेश बहुधा ‘एसक्यूलाइट’ या प्रणालीच्या फाइलीत साठविलेले असतात. रिचर्ड हिप यांनी ती २००० साली प्रसिद्ध केली. फाइलीचे समान आकाराचे तुकडे पाडलेले असतात व त्यांना पाने असेच म्हणतात. लिहीत असताना वीज गेली किंवा साठवणीचे साधन बिघडले, तर एखादे पान अर्धवट राहू शकते. याच्या निदानासाठी प्रणालीतच ‘इंटिग्रिटी चेक’ नावाची आज्ञा ठेवलेली आहे. ती फाइलीतील पानांचा हिशेब घेते. कोणते पान कोणाच्याच खाती नाही, कोणते दोन ठिकाणी लागले आहे, हे पाहते. नोंदी क्रमाने लागल्या आहेत काय, आणि सूचीत जितक्या नोंदी दाखविल्या तितक्या मूळ तक्त्यात आहेत काय, हेही ती ताडून पाहते. दोष आढळल्यास त्यांची यादी देते, आणि शंभर दोष होताच थांबते. (शंभर दोष निघालेल्या फाइलीचे पुढे काय करावे, हे सांगण्यास यंत्राची गरज नसावी.) सर्व ठीक असल्यास उत्तर एकाच शब्दाचे येते: ‘ओके’.

एका तक्त्यातील नोंद दुसऱ्या तक्त्यातील ज्या नोंदीकडे बोट दाखविते ती तेथे आहे की नाही, हे मात्र ही आज्ञा पाहत नाही. मुलाच्या नावापुढे बापाचा क्रमांक लिहिलेला आहे आणि त्या क्रमांकाचा माणूसच वहीत नाही, असा दोष शोधण्यास ‘फॉरेन की चेक’ ही निराळी आज्ञा द्यावी लागते. आणि कोणी वयाच्या रकान्यात ४२ ऐवजी २४ लिहिले असेल, तर सामान्यतः दोन्ही आज्ञा समाधानाने मान डोलावतील. वही आपल्याशी सुसंगत आहे, एवढेच त्यांना कळते. बाहेरच्या जगाशी ती जुळते काय, ते कळत नाही.

स्लीमन यांच्यापाशी या दोन्ही प्रकारच्या कसोट्या होत्या. साक्षीदारांना वेगवेगळे ठेवून त्यांच्या जबान्या एकमेकींशी ताडणे, ही झाली आतली कसोटी. बाहेरची कसोटी अधिक कठोर होती. फिरंगिया या प्रसिद्ध साक्षीदाराने सागरच्या वाटेवरील सलोहदा येथे आमराईतील जागा दाखविल्या. तेथे खणले असता प्रेते निघाली. जमिनीने दिलेली ही साक्ष कोणत्याही जबानीवर अवलंबून नव्हती.

परंतु प्रत्येक नावामागे असे खणून पाहणे शक्य नव्हते. १८३६ च्या तिसाव्या कायद्यान्वये ठगांच्या टोळीत असणे एवढ्यावरच जन्मठेप देता येऊ लागली. म्हणजे वहीतील नाव हाच पुष्कळदा गुन्ह्याच्या पुराव्याचा गाभा ठरला. ऑक्टोबर १८३५ पर्यंत १५६२ जणांवर खटले भरण्यात आले होते आणि त्यांपैकी ३८२ जणांना फाशी झाली होती. साक्षीदारांचे प्राण त्यांच्या उपयुक्ततेवर टांगलेले होते, आणि नवे नाव सांगणारा उपयुक्त ठरे. दोन जबान्या जुळल्या म्हणजे दोघांनी खरे सांगितले, की साहेबांना काय हवे ते दोघांना ठाऊक होते, हे जुळणीवरून ओळखता येत नाही. पुढील इतिहाससंशोधकांनी या दप्तरावर घेतलेला मुख्य आक्षेप हाच आहे.

उलट बाजूचा दाखला स्वतः स्लीमन यांनीच लिहून ठेवला आहे. १८२२ ते १८२४ या काळात ते नरसिंगपूर जिल्ह्याचा कारभार पाहत होते, आणि जिल्ह्यात काय चालते ते सारे आपणांस माहीत आहे, अशी त्यांची समजूत होती. त्यांच्या कचेरीपासून अवघ्या चारशे यार्डांवर, कंदेली गावात, ठगांची एक टोळी राहत होती, असे त्यांना पुढे कळले. त्या वेळच्या दप्तरात तिची नोंदच नव्हती, त्यामुळे ते कितीही बारकाईने तपासले असते तरी त्यात दोष सापडला नसता.