कैद्याची बदली आणि दोन सरकारांची संमती

न्यायालय शिक्षा देते ती एकाला. पण तुरुंग परराज्यात असला म्हणजे तिचा काही भार घरच्यांवरही पडतो. मुलगा चेन्नईच्या तुरुंगात आणि वृद्ध आई नागपुरास. घटकाभराच्या भेटीसाठी तिने हा प्रवास किती वेळा करावा?

या अडचणीवर कायद्यात वाट आहे. १९५० च्या कैदी स्थलांतर कायद्याच्या तिसऱ्या कलमान्वये, एका राज्याचे सरकार दुसऱ्या राज्याच्या सरकारची संमती घेऊन शिक्षा झालेल्या कैद्यास तिकडील तुरुंगात धाडू शकते. म्हणजे हुकूम काढायचा तो, कैदी आज जेथे आहे त्या सरकारने. होकार द्यायचा तो दुसऱ्याने. दोहोंपैकी एकही अडले, की प्रकरण अडले. म्हणून अर्जात नुसती विनवणी नको. घरचा पत्ता, आईवडिलांचे वय, आजारपणाचे दाखले, भेटी का घडत नाहीत, हे सारे पुराव्यानिशी मांडावे.

ज्याचा खटला अद्याप चालू आहे, अशा कच्च्या कैद्यास हे कलम लागू नाही.

शिवाय कायदा ‘धाडू शकते’ म्हणतो, ‘धाडावेच’ असे म्हणत नाही. तरी अर्जदार अगदीच निराधार नव्हे. सुनील बात्रा प्रकरणात १९७९ साली सर्वोच्च न्यायालयाने आप्तेष्टांच्या भेटी हा बंदिवासातील मोठा दिलासा मानला. विनाकारण नकार मिळाल्यास उच्च न्यायालयाकडे रिट अर्ज करता येतो.

बदलीने शिक्षा माफ होत नाही. भिंती त्याच राहतात. फक्त आईला तिथवर पोहोचता येते.