काळाला आरंभ होता का?

भंडाऱ्यात वैनगंगेच्या पुलावर मोबाइलला वाट दाखवणाऱ्या जीपीएस उपग्रहांतील घड्याळे जमिनीवरील घड्याळांपेक्षा दररोज सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे जातात, कारण आइन्स्टाइन यांच्या 1915 च्या व्यापक सापेक्षता सिद्धांतानुसार गुरुत्वाकर्षण जितके क्षीण, तितका काळ वेगाने सरतो. याच सिद्धांताची समीकरणे विश्वाच्या भूतकाळात मागे नेली, तर सुमारे 1380 कोटी वर्षांपूर्वी सिंग्युलॅरिटी, म्हणजे घनता अनंत होऊन समीकरणेच निरर्थक ठरतात अशी सीमा लागते, आणि तिच्या ‘आधी’ काय होते हा प्रश्नच उरत नाही. कोल्हापुरात जन्मलेले खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांना असा आरंभ मान्य नव्हता. 1993 मध्ये फ्रेड हॉइल व जेफ्री बर्बिज यांच्यासह त्यांनी अनादी विश्वाचे प्रतिमान मांडले. बहुतेक खगोलशास्त्रज्ञांनी ते स्वीकारले नाही, तरी ती सीमा म्हणजे काळाचा आरंभ की सिद्धांताचा अपुरेपणा, हा मूलभूत प्रश्न रास्तच असून पुंज-गुरुत्वाचे, म्हणजे पुंजयांत्रिकी व गुरुत्वाकर्षण यांची सांगड घालू पाहणाऱ्या सिद्धांताचे, अभ्यासक आजही त्याचे उत्तर शोधत आहेत.