बंद पेट्रोल पंपाखालील भूजलाचे अन्वेषण

पेट्रोल पंप बंद होतो, यंत्रे उचलली जातात. परंतु पुरलेल्या टाक्यांतून वर्षानुवर्षे पाझरलेले इंधन जमिनीतच राहते. अशा भूमीची परीक्षा हा केवळ तांत्रिक प्रश्न नव्हे. शेजारच्या विहिरींचे पाणी तिच्यावर अवलंबून असते.

प्रथम जुन्या नकाशांवरून टाक्या व नळ यांच्या जागा निश्चित करतात. नंतर जमिनीत भोके पाडून निरनिराळ्या खोलींवरील मातीचे नमुने तपासतात. भूजलाच्या प्रवाहाची दिशा ठरविण्यासाठी एका रेषेत नसलेल्या किमान तीन निरीक्षण-विहिरी लागतात. त्यांतील जलपातळ्यांच्या तुलनेने उतार कळतो. पेट्रोल पाण्याहून हलके असल्याने भूजलावर तरंगते. मात्र त्यातील बेंझीनसारखे घटक अंशतः विरघळून प्रवाहाबरोबर सरकतात. म्हणून तरंगता थर आढळला नाही, एवढ्यावरून पाणी शुद्ध ठरत नाही.

कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराला याचा प्रत्यय आला. पेट्रोलमध्ये मिसळला जाणारा ‘एमटीबीई’ हा पदार्थ पाण्यात सहज विरघळतो, मातीला फारसा चिकटत नाही व सावकाश विघटन पावतो. तो पाण्यात आढळल्यामुळे १९९६ मध्ये चार्नॉक येथील विहिरी बंद कराव्या लागल्या आणि शहराला बाहेरचे पाणी विकत घ्यावे लागले. शुद्धीकरणाची व्यवस्था उभी राहून त्या पुन्हा वापरात येण्यास २०११ साल उजाडले.

तात्पर्य, प्रवाहाच्या दिशेने, जागेच्या हद्दीपलीकडेही नमुने घेतल्याखेरीज असे अन्वेषण पूर्ण झाले असे मानता येत नाही.